क्षेपक घाला, पण लपवू नका

ऑगस्ट 2025 मध्ये ब्रिटिश गायक रॉड स्टुअर्टने अमेरिकेतल्या आपल्या कार्यक्रमात रॉक गायक ओझी ऑस्बॉर्नला श्रद्धांजली म्हणून एक चित्रफीत दाखवली. ओझी जाऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. एआयने बनवलेला ओझी कर्ट कोबेन, प्रिन्स वगैरे दिवंगतांना जवळ घेऊन सेल्फी काढतो आहे, असं ते दृश्य होतं. त्यावर समाजमाध्यमांत चांगलीच चिडचिड झाली, आणि ती योग्यच होती. इतकी उथळ श्रद्धांजली क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत बीटल्सच्या 'नाऊ अँड देन'ला सर्वोत्कृष्ट रॉक सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं होतं. त्यातला जॉन लेननचा आवाज यंत्र-शिक्षणाने एका जुन्या कॅसेटमधून वेगळा काढलेला आहे. तेव्हापासून वाद एकाच खुंट्याभोवती फिरतो आहे: गेलेल्या रॉक कलावंतांच्या बाबतीत एआय वापरावं की नाही? एक बाजू म्हणते, ही मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याची नवी युक्ती आहे. दुसरी म्हणते, तंत्रज्ञान कुणाला चुकलं आहे, गाणं चांगलं झालं ना, मग पुरे. दोन्ही बाजू यंत्राबद्दल भांडतात आणि टेपबद्दल कुणीच बोलत नाही.

अर्धवट राहिलेलं गाणं दुसऱ्याने पुरं करण्यात मुळात पाप नाही, मग ते यंत्राने असो की माणसाने. हरकत घ्यायची ती तीन गोष्टींना: कुणी काय घातलं हे लपवणं, मूळ ध्वनिमुद्रणात वाजवलेल्यांना पुसणं, आणि मूळ रूप रसिकाच्या हाती लागू न देणं. या तिन्ही गोष्टी एआय नव्हतं तेव्हाही बिनबोभाट होत होत्या. उलट सगळ्यात निर्लज्ज उदाहरणं तेव्हाचीच आहेत.

ओझीचंच घ्या. 'ब्लिझर्ड ऑफ ओझ' 1980 मध्ये आला, 'डायरी ऑफ अ मॅडमन' 1981 मध्ये. दोन्हीवर गिटार रँडी ऱ्होड्सची. मार्च 1982 मध्ये विमान अपघातात तो गेला, तेव्हा वय होतं पंचवीस. म्हणजे हे दोन अल्बम हाच त्याचा मुख्य वारसा. बास बॉब डेझ्लीचा, ड्रम ली कर्स्लेकचे. मानधन आणि श्रेय यांवरून या दोघांचा ऑस्बॉर्न पक्षाशी कोर्टात वाद चालला, आणि 2002 मध्ये हे अल्बम पुन्हा बाजारात आले तेव्हा दोघांचं वादन टेपवरून काढून टाकलेलं होतं. त्या जागी रॉबर्ट त्रुहिओचा बास आणि माइक बॉर्डिनचे ड्रम. वाजवणारे दोघेही कसलेले, यात शंका नाही. तरीही चाहत्यांना पहिल्याच ऐकण्यात काहीतरी बिघडल्याचं कळलं. कारण साधं आहे. बँडमध्ये गिटारवाला नुसत्या तालावर वाजवत नाही, समोरच्या ड्रमरच्या हातावर वाजवतो. ड्रमर ठोक्याच्या किंचित मागे रेलत असेल तर गिटारही रेलते, तो पुढे ढकलत असेल तर गिटारही धावते. हे अंतर काही मिलिसेकंदांचं असतं, पण त्या गाण्याची चाल म्हणून जी आपल्याला ओळखीची वाटते ती त्यातच असते. वीस वर्षांनी आलेल्या ड्रमरला गोठलेल्या गिटारीमागे जावं लागतं. गिटार त्याला उत्तर देऊ शकत नाही. ऱ्होड्सचा एक स्वरही न बदलता त्याचं वादन बदललं गेलं. 2011 च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं. या सगळ्यात एआय कुठे होतं? आणि ज्याच्या नावाचा अल्बम, तो ओझी तर तेव्हा हयात होता. म्हणजे 'कलावंताची संमती असली की झालं' हा ठोकताळाही इथे लंगडा पडतो. कुणाची संमती? ओझीची, ऱ्होड्सची, की ज्यांचे हात पुसले त्या दोघांची?

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात नकलल्या जाताना त्यांत अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढे जो कुणी यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवील. एकनाथ काही नव्या रचनेचे वैरी नव्हते. भागवतावर त्यांनी स्वतः हजारो ओव्या लिहिल्या. पण त्या स्वतःच्या नावावर. राग ओवी रचण्याचा नव्हता, ती ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवण्याचा होता. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 अशी सत्तेचाळीस वर्षं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिथे याहून बारीक शिस्त दिसते. वि. स. सुकथनकरांनी आखून दिलेल्या पद्धतीत 1,259 हस्तलिखितं तपासली गेली. नंतर घुसलेला मजकूर, म्हणजे क्षेपक, त्यांनी जाळला नाही. छोटे श्लोक तारांकित करून तळटीपेत गेले, लांब प्रकरणं परिशिष्टात गेली, आणि मुख्य पाठात जिथे संपादकाचीच खात्री नव्हती तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आली. वाचकाला मुख्य पाठही मिळतो, क्षेपकही मिळतं आणि संपादकाची शंकाही मिळते. मेलेल्या रॉक गायकाच्या टेपला याच वागणुकीची गरज आहे. दुर्दैवाने ध्वनिमुद्रण कंपन्यांना तळटीप हा प्रकारच ठाऊक नसावा.

रॉकच्या बाबतीत हा घोळ जवळपास त्या संगीताच्या जन्मापासूनचा आहे. अमेरिकी रॉक गायक बडी हॉली 3 फेब्रुवारी 1959 ला विमान अपघातात गेला. त्याआधीच्या काही आठवड्यांत त्याने न्यूयॉर्कच्या घरी एका ॲम्पेक्स टेप-यंत्रावर नुसत्या गिटारीबरोबर काही नवी गाणी म्हणून ठेवली होती. त्याच वर्षी निर्माता जॅक हॅन्सन याने त्यांवर स्टुडिओतले वादक आणि कोरस चढवला. पुढे नॉर्मन पेटीने त्याच टेपवर फायरबॉल्स या बँडला वाजवायला लावून वेगळी रूपं काढली. म्हणजे एकाच खोलीतल्या एकाच गाण्याची तीन रूपं झाली, आणि ज्यात हॉली एकटा आहे ते रूप अधिकृतपणे हाती यायला रसिकांना फार वर्षं थांबावं लागलं. त्या काळचं तंत्र असं की एका टेपवरचा आवाज दुसऱ्या टेपवर उतरवता उतरवताच नवं वादन मिसळायचं. प्रत्येक उतरवणीत खरखर वाढते आणि वरच्या पट्टीतला उजाळा कमी होतो. एकदा मिसळलं की वेगळं काढता येत नाही. मूळ टेप जपली म्हणून हॉली वाचला, नाहीतर तो कायमचा कोरसखाली गाडला गेला असता.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे गेली. 18 सप्टेंबर 1970 ला तो गेला, तेव्हा न्यूयॉर्कमधला त्याचा स्वतःचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ सुरू होऊन महिनाही झाला नव्हता आणि टेपांचा ढीग पडला होता. पहिला मरणोत्तर अल्बम 1971 मध्ये त्याचाच ध्वनिमुद्रक एडी क्रेमर आणि त्याचाच ड्रमर मिच मिचेल यांनी लावला. मिचेलने काही ठिकाणी ड्रम नंतर वाजवले, पण तो त्याच संगीतातला माणूस. 1975 मध्ये निर्माता ॲलन डग्लसने 'क्रॅश लँडिंग' काढला तेव्हा मात्र बहुतेक गाण्यांत हेंड्रिक्सचा आवाज आणि गिटार तेवढी ठेवून मिचेल, बडी माइल्स, बिली कॉक्स यांचं वादन काढून टाकलं आणि भाडोत्री स्टुडिओ वादक बसवले. त्यात एक गिटारवालासुद्धा होता, हे विशेष. हेंड्रिक्सच्या अल्बमवर दुसऱ्याची गिटार! शिवाय काही गाण्यांचा सहरचनाकार म्हणून डग्लसने स्वतःचं नाव लावलं. अल्बम अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. 1995 मध्ये हक्क वडिलांकडे, अल हेंड्रिक्स यांच्याकडे, परत आले आणि 1997 पासून क्रेमरच्या देखरेखीखाली जुन्या टेप मूळ वादकांसह बाहेर येऊ लागल्या. मधल्या वीस-बावीस वर्षांत ज्यांनी हेंड्रिक्सचं शेवटचं संगीत म्हणून ते ऐकलं, त्यांनी नेमकं काय ऐकलं? मृताच्या संमतीवर इतकं बोललं जातं, पण इथे पुसले गेलेले तिघेही 1975 मध्ये जिवंत होते. त्यांना कुणी विचारलं?

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. हयात असता तर त्याने ते गाणं फेकून दिलं असतं, कडवं बदललं असतं, किंवा कपाटात तसंच ठेवलं असतं. कलावंताचं काम केवळ त्याने केलेल्या गोष्टींनी बनत नाही, त्याने टाकून दिलेल्या गोष्टींनीही बनतं. हे मान्यच करावं लागतं. कोबेनच्या घरगुती कॅसेटचा संग्रह 2015 मध्ये विकायला आला, तेव्हा अनेकांना कुणाच्या तरी कचऱ्याच्या डब्यात डोकावल्यासारखं वाटलं, ते उगाच नाही. गायिका जॅनिस जॉप्लिनच्या 'पर्ल' या अल्बमवर एक गाणं नुसत्या वाद्यांचं आहे. बँडने आपला भाग वाजवून ठेवला होता, तिने दुसऱ्या दिवशी येऊन गायचं होतं, आणि 4 ऑक्टोबर 1970 ला ती गेली. निर्माता पॉल रॉथचाइल्डने दुसरी गायिका आणली नाही. अल्बम जानेवारी 1971 मध्ये आला तो त्या रिकाम्या जागेसकट. यापेक्षा प्रामाणिक निर्णय मरणोत्तर अल्बमांच्या इतिहासात शोधून सापडणार नाही.

पण म्हणून प्रत्येक रिकामी जागा रिकामीच राहावी, हा नियम करता येतो का? क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा दाखला उलटा आहे. 1991 च्या मे महिन्यात, मरणाच्या सहा महिने आधी, माँत्रोच्या माउंटन स्टुडिओत तो ड्रम मशीनच्या साध्या ठेक्यावर एकेक ओळ म्हणून ठेवत होता. साथीदारांना त्याने स्पष्ट सांगितलं होतं की मला शब्द द्या, मी गाऊन ठेवतो, बाकीचं तुम्ही नंतर पुरं करा. 'मदर लव्ह'चं शेवटचं कडवं राहिलं; थकवा आला, पुन्हा येऊन गातो म्हणून तो गेला आणि ते झालं नाही. 1995 च्या 'मेड इन हेवन'वर ते कडवं बँडचा गिटारवाला ब्रायन मे गातो, स्वतःच्या आवाजात, फ्रेडीची नक्कल न करता. ऐकणाऱ्याला क्षणात कळतं की इथे माणूस बदलला. सुकथनकरांची नागमोडी रेघ कानाने ऐकायची असेल तर ती ही. संमतीही होती, पुरं करणारा सोबतीही होता आणि जोडही झाकलेला नव्हता. याच अल्बमवर आक्षेप घ्यायचाच तर वेगळ्या जागी घ्यावा. त्याचं शीर्षकगीत आणि आणखी एक गाणं फ्रेडीने 1985 च्या एकट्याच्या अल्बमसाठी धडधाकट असताना गायलेलं होतं. क्वीनने फक्त त्यामागचं वादन बदललं. शेवटच्या महिन्यांतल्या आवाजाशेजारी ते ठेवल्यावर सगळाच एक सलग निरोप वाटतो, आणि तसा तो नाही. आपल्याकडे दर 5 सप्टेंबरला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या फारोख बुलसाराची, म्हणजे लहानपणच्या फ्रेडीची, तिथल्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवणाऱ्या मुलाची आठवण निघते, तो आपलाच कसा होता हे सांगितलं जातं. सांगावं. पण त्याच्या शेवटच्या अल्बमवर कुठला आवाज कोणत्या वर्षीचा, हे त्यांतल्या कितीजणांनी कधी पाहिलं?

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. हात लावूच नका, जसं आहे तसं द्या. ऐकायला बिनतोड वाटतं, पण बहुमार्गी टेपला 'जसं आहे तसं' असं रूपच नसतं. सोळा किंवा चोवीस मार्गांच्या टेपवर गायन एका मार्गावर, बास एका, ड्रमचे सहा-आठ, गिटारीचे चार, शिवाय फसलेले आणि खोडायचे राहिलेले प्रयत्न. सगळे मार्ग एकाच पातळीवर सोडले तर जो गलका येतो तो कुणाचंच गाणं नसतो. कुणीतरी पातळ्या ठरवायच्या, कुठला आवाज डावीकडे कुठला उजवीकडे हे ठरवायचं, पाचांतला कुठला प्रयत्न घ्यायचा हे ठरवायचं. म्हणजे संपादन अटळ आहे. प्रश्न उरतो तो संपादकाने सही केली की नाही याचा. गायक जेफ बकली मे 1997 मध्ये मेम्फिसला नदीत बुडून गेला, तेव्हा निर्माता टॉम व्हर्लेनबरोबर केलेली ध्वनिमुद्रणं त्याला पसंत नव्हती आणि तो नव्याने सुरुवात करणार होता. 1998 मध्ये त्याच्या आईने जे प्रसिद्ध केलं त्याचे दोन भाग होते: एका तबकडीवर व्हर्लेनची सत्रं, दुसरीवर मुख्यतः बकलीने घरी चार-मार्गी यंत्रावर केलेले कच्चे खर्डे. आणि ठरलेल्या नावाआधी तिने 'स्केचेस फॉर' जोडलं. हा अल्बम नव्हे, अल्बमच्या वाटेवरचे आराखडे आहेत, हे मुखपृष्ठावरच लिहून टाकलं. मुलगा ज्यावर नाखूश होता ते छापायचं की नाही, यावर वाद घालता येईल. फसवलं असं मात्र कुणाला म्हणता येणार नाही.

या कसोटीवर 'नाऊ अँड देन' कुठे उतरतं? इथे जरा थांबून कॅसेटकडेच पाहू. लेननने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या डाकोटा इमारतीतल्या घरी पियानोवर बसून हे गाणं एका कॅसेटवर घेतलं. मार्ग एकच, त्यात आवाज आणि पियानो एकत्र, वर विजेची घरघर. अमेरिकेत वीजप्रवाह 60 हर्ट्झचा, म्हणून ही घरघर 60 वर आणि तिच्या पटींत, 120, 180 अशी ऐकू येते. तेवढ्याच अरुंद पट्ट्या कापून ती काढता येते. खरी अडचण पियानोची. पियानोचे मूळ स्वर सुमारे 27 पासून 4,186 हर्ट्झपर्यंत पसरतात. माणसाचा आवाज त्याच्या मधोमध बसतो. आवाजाची पट्टी उचलली की पियानो उचलला जातो, पियानो दाबला की आवाजाचा गळा दाबला जातो. 1995 मध्ये बीटल्समधल्या हयात तिघांनी यावर काम सुरू करून सोडून दिलं, त्याचं हे एक मोठं कारण. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने 2021 च्या 'गेट बॅक' माहितीपटासाठी तयार केलेली पद्धत वेगळ्या वाटेने जाते. ध्वनीचे काळ आणि कंपनसंख्या असे बारीक चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनातला किती भाग गळ्याचा, किती पियानोचा याचा अंदाज, हजारो नमुने ऐकून शिकलेल्या यंत्राने करायचा. यात नवा स्वर जन्माला येत नाही. असलेल्याची वाटणी होते. वाटणी चुकली तर 'स' आणि 'श' बोथट होतात, श्वास पियानोच्या वाट्याला जातो, आणि आवाजाला पाण्याखालून आल्यासारखी धातूची झाक चढते. हे दोष कानाला ओळखता येतात, म्हणून ते तुलनेने निरुपद्रवी.

मग उपद्रवी काय? कात्री. लेननच्या कॅसेटवर या गाण्यात मधला एक भाग आहे जो प्रसिद्ध झालेल्या गाण्यात नाहीच. लेननच्या रचनेवर झालेला सर्वांत मोठा बदल हा, आणि त्याला एआय लागलेलं नाही. जगभर यंत्राची चर्चा झाली, या कापलेल्या भागाची फारच थोडी. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की बाकी बाबतींत बीटल्सच्या गोटाने बरंच उघड केलं. जॉर्ज हॅरिसनची गिटार 1995 च्या त्या सोडून दिलेल्या सत्रांतली आहे, स्लाइड गिटार मॅकार्टनीने हॅरिसनच्या ढंगात वाजवली आहे, मागचे कोरस 'बिकॉज', 'एलिनॉर रिग्बी' अशा जुन्या गाण्यांतून उचलले आहेत, हे सगळं गाण्याबरोबर आलेल्या लघुपटातून आणि निवेदनांतून कळलं. डग्लसच्या तुलनेत हे फार प्रामाणिक वर्तन झालं. फक्त ज्या एका गोष्टीने सगळे वाद मिटले असते, ती झाली नाही. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला 1962 चं 'लव्ह मी डू' घातलं. ती जागा त्या घरघरणाऱ्या कॅसेटची होती. अख्खी कॅसेट, पियानोसकट, कापलेल्या भागासकट. ती ऐकवली असती तर कुणाला मॅकार्टनीचं संपादन पटलं असतं, कुणाला नसतं. पण निवाडा कानांनी झाला असता.

'हे सगळं पैशासाठी चालतं' हा आक्षेप खरा आहे आणि निरुपयोगीही. वारसदार आणि कंपन्या पैसा बघतातच. हेंड्रिक्सच्या नावावर हयातीत जेवढे अल्बम निघाले त्याच्या कितीतरी पट नंतर निघाले. पण पैशाचा झगडा जसं नको ते बाहेर काढतो तसं हवं ते कोंडूनही ठेवतो. कोबेनच्या निर्वाणा बँडचं शेवटचं स्टुडिओ-गाणं, जानेवारी 1994 मध्ये पुरं झालेलं, त्याची पत्नी आणि बँडचे उरलेले दोघे यांच्या कोर्टबाजीमुळे 2002 पर्यंत अडकलं होतं. हेतू शुद्ध की अशुद्ध हे बाहेरून तपासता येत नाही. टेपवर कोण आहे हे तपासता येतं.

आणि 'ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?' मायकल जॅक्सन रॉकच्या कडेला बसतो, पण त्याचं उदाहरण टाळता येत नाही. 2010 च्या मरणोत्तर अल्बमवरच्या तीन गाण्यांत आवाज त्याचाच आहे का यावर चाहत्यांनी पहिल्या दिवसापासून शंका घेतली, एका चाहतीने खटला भरला, आणि 2022 मध्ये ती तीन गाणी स्ट्रीमिंगवरून उतरवली गेली. फरक पडत नसता तर माणसं बारा वर्षं भांडली असती का?

खरा नवा धोका आवाजाच्या नकलेचा आहे, आणि तो वाटणीच्या तंत्राशी एकाच 'एआय' नावाखाली कोंबला जातो म्हणून चर्चा बिघडते. नकलेच्या रूढ पद्धतीत आधी कुणीतरी जिवंत गायक गाणं गातो. यंत्र त्याच्या गळ्याचा पोत काढून मृताचा पोत चढवतं. म्हणजे श्वास कुठे घ्यायचा, ओळ कुठे ओढायची, कुठल्या अक्षरावर आवाज फाटू द्यायचा, हे सगळं त्या अनाम माणसाचं. कातडं तेवढं मृताचं. रॉक गायनात तर पोतापेक्षा हेच निर्णय मोठे असतात. ए. आर. रहमानने 2024 मध्ये 'लाल सलाम'मधल्या गाण्यासाठी बम्बा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली, मानधन दिलं आणि तसं जाहीर सांगितलं. त्याच्या पद्धतशीरपणाचं कौतुक झालं, ते रास्त. पण कुटुंब परवानगी देऊ शकतं ती नावाची आणि पोताची. जे गायन झालंच नाही त्याची परवानगी कुणी द्यायची? अशा ठिकाणी श्रेयनामावलीत गाणाऱ्याचं नाव आधी हवं, पोताचा उल्लेख नंतर.

कायद्यावर फार विसंबू नये. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजीत सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश देताना आवाजाची परवानगीविना नक्कल करणाऱ्या साधनांना चाप लावला, पण तो गायक हयात आहे, स्वतः दाद मागू शकतो. आपल्या प्रताधिकार कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 38ब सादरकर्त्याला दोन गोष्टी देतं: आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडलं जाण्याचा हक्क, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क. मात्र संपादनासाठी एखादा भाग नुसता काढणं ही मोडतोड नव्हे, असं तिथेच स्पष्टीकरण आहे. म्हणजे डेझ्ली-कर्स्लेकसारखं कुणाला उडवलं किंवा लेननचा मधला भाग कापला, तर या कलमाचा आधार डळमळीतच. आवृत्तीवर काय छापावं याबद्दल तर कायदा गप्पच आहे.

आपल्याकडे अशी भांडणं फारशी होत नाहीत, कारण भांडायला टेपच नाहीत. 1970 च्या सिमला बीट स्पर्धांच्या काळात मुंबईत इंग्रजी रॉक वाजवणारे कितीतरी बँड होते. वेल्वेट फॉगमध्ये गाणारे नंदू भेंडे, आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव, 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मधले जुडास आणि पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'मधले अंकुश, 2014 मध्ये गेले. त्या पिढीचं मंचावर जे वाजलं त्यातलं अगदी थोडं तबकडीवर आलं. उरलेलं असेल तर कुणाच्या माळ्यावर, कॅसेटच्या पेटीत. आणि जपणूक म्हणजे मोठ्या कंपनीचं गोदाम असंही समजू नये. 1 जून 2008 ला हॉलिवुडच्या युनिव्हर्सलच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ टेपांचं कोठारच सापडलं. नेमकं काय काय जळलं यावर अजून वाद आहे, आणि बाहेरच्या जगाला त्याचा आवाका 2019 मध्ये कळला. हार्ड डिस्कही अमर नाही: संगीतसंग्रह सांभाळणाऱ्या आयर्न माउंटन कंपनीने 2024 मध्ये सांगितलं की 1990 च्या दशकातल्या त्यांच्याकडे आलेल्या डिस्कपैकी सुमारे पाचांतली एक वाचताच येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशा कॅसेट किंवा रीळ असतील त्यांनी चिकित्सक आवृत्तीचं काम स्वतःपासून सुरू करावं. रीळ वाजवताना किंचाळत असेल आणि वाटेत तपकिरी चिकट थर सोडत असेल, तर लगेच थांबवावं. 1970-80 च्या दशकांतल्या काही टेपांचा बंधक, म्हणजे चुंबकीय थर पट्टीला धरून ठेवणारा गोंद, दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो, आणि मुंबईची हवा त्याला पोषकच. अशी टेप सुमारे 50 ते 55 अंशांवर आठ तास किंवा जास्त सुकवून मग उतरवतात. ते काम नेमकं तापमान धरणाऱ्या यंत्रातच होतं, घरच्या ओव्हनमध्ये नाही. जुन्या ॲसिटेट टेपा, ज्यांना पुष्कळदा व्हिनेगरचा वास येतो, त्यांना ही उष्णता मुळीच दाखवू नये. कॅसेटच्या बाबतीत आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं, मग हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू फिरवून त्याचा कोन त्या कॅसेटपुरता जुळवावा. दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकताना झांजेचा आवाज जिथे सर्वांत लख्ख येतो तिथे थांबावं. कोन चुकला तर वरची पट्टी जाते आणि नंतर कुठल्याही यंत्राने परत येत नाही. उतरवणी 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर, एमपी3 मध्ये नव्हे. डॉल्बी, म्हणजे कॅसेट-यंत्रातली खरखर कमी करणारी सोय, बंद ठेवून घ्यावं आणि कॅसेटवर डॉल्बीची खूण होती का, हे लिहून ठेवावं.

आणि उतरवताना खरखर काढू नये, घरघर तर नाहीच. भारतात वीज 50 हर्ट्झची. मूळ ध्वनिमुद्रणात शिरलेली घरघर मोजल्यावर 51.5 वर सापडली, तर टेप तीन टक्के वेगाने पळते आहे हे कळतं आणि गाणं मूळ पट्टीत आणता येतं. ती घरघर आधीच साफ करून टाकली असेल, तर गायक कोणत्या पट्टीत गात होता हे सांगणारा साक्षीदारच गेला. स्वच्छ केलेली प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी, तिच्या नावात तारीख आणि करणाऱ्याचं नाव घालावं, आणि कच्च्या फाइलच्या तीन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कुणी वाजवलं हे आठवणारे लोक आहेत तोवर सोबत साध्या मजकुराची फाइल जोडावी: बास कुणाचा, ड्रम कुणाचे, खोली कुठली, वर्ष कुठलं. आठवत नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाकावं, अंदाजाने नाव घालू नये.